सयामवाल्याच्या रश्श्यातला गूळ

पहिल्याच भेटीत मी त्याच्या डोक्याला हात लावला.

कापसाच्या बाजारात वावरलेल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं नाही. त्या वर्षांत अमरावतीच्या बाजारात हंगामभर हवेत कापूसच उडत असे. पागोट्यावर, मिशीवर, भुवईवर, जिथे जागा मिळेल तिथे तो बसे. समोरच्याच्या अंगावरची पुंजकी बोलता बोलता चिमटीनं उचलून टाकायची, ही आमची रीत. बाप लेकाची काढी, आणि कापसाच्या दरावरून हमरीतुमरीवर आलेले दोघे शिव्या देता देता एकमेकांची काढीत. म्हाताऱ्याचं डोकं उघडं होतं. केस बोटभर, कुंचल्यासारखे ताठ उभे, आणि त्यांच्या मधोमध भलंमोठं पुंजकं. मी सहज हात घातला.

म्हातारा विंचू चावल्यासारखा उठला.

"अबे, हात काढ! मानसाचा जीव डोक्यात रायते. सयामात राजाच्या डोक्याले असा हात लावला असता त तुहं डोकं तुह्या हातात देलं असतं!"

"पन काका, तुमी काही राजे नाही."

"मी नाही. पन डोकं तेच हाय."

मला घराबाहेर काढून त्यानं विहिरीवर पाय धुवायला लावले. हात जोडून, मान लववून, उंबऱ्याला पाय न लावता पुन्हा आत ये म्हणाला. आलो. बसलो. दिवसभर बैलबंडीत बसून गुडघे आखडलेले, म्हणून पाय जरा लांब केले, तर तळवे त्याच्या चुलीकडे झाले. पुन्हा बाहेर. त्या दिवशी मी तीनदा आत गेलो आणि जेवलो एकदाच.

तर असा हा सयामवाला. त्याचं खरं नाव होतं, पण त्या नावानं त्याला त्याच्या भावानंसुद्धा कधी हाक मारली नसेल. जन्म आमच्याच भातकुलीकडचा, माळ्याच्या घरातला. वांग्याच्या वाफ्यातून जो पळाला तो मुंबईच्या धक्क्यावर, आणि तिथून एका सुरती व्यापाऱ्याच्या गलबतावर चढून थेट सयाम देशात. तिथे एका मोठ्या नदीच्या काठी व्यापाऱ्याच्या वखारीत चाळीस वर्षं रांधलं. निदान असं तो सांगे. सांगताना वखारीचा राजवाडा कधी होई ते ऐकणाऱ्याला कळत नसे. एका बैठकीत तो कांदे चिरणारा असे, पुढच्या बैठकीत राजाच्या मावशीनं त्याच्या हातचं चाखून डोळे मिटलेले असत. मी एकदा विचारलं, "मावशी कोन्या बाजूची?" तर म्हणाला, "जेवनाऱ्याच्या."

तो परत आला ते अमरावतीला सोन्याचे दिवस होते तेव्हा. तिकडे अमेरिकेत कुठेतरी गोरे आपसात लढत होते, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि इकडे आमच्या मिशांना तूप लागत होतं. लढाई कशासाठी ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, पण ती लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ बोलणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मुंबईचे दलाल, साहेबांचे कारकून, गठाणी बांधून घेणारे मुकादम, सगळे येऊन बाजारात पडलेले. दिवसा कापूस बघायचा, दिवस कलला की करायला काही नाही. मग कुणीतरी सांगे, बाजारामागं मळ्यात एक येडा बुढा आहे, सयामचं जेवण घालतो. की चालले सगळे तमाशाला निघाल्यासारखे.

पैसे तो घेत नसे. घेत असे तो ऐकण्याचा कर, आणि तो भारी पडे. जेवणाआधी घोटभर पाणी, मग उपदेश. पहिला घास कोऱ्या भाताचा, कारण भात ही आई आहे, आणि तिला तोंड दाखवल्याशिवाय पोरांशी खेळायचं नाही. भाताचं शीत सांडलं तर उचलायचं आणि त्याची माफी मागायची. सगळी भांडी एकदम मधे येणार, पण एका वेळी एकातलंच घ्यायचं, तेही थोडं. ताटात डोंगर रचायचा नाही. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही.

मुंबईचा एक कारकून कागद-लेखणी घेऊन आला होता. फार चौकस माणूस. त्यानं विचारलं, "पहिल्यांदा कुठला पदार्थ खायचा आणि नंतर कुठला?"

"काहून? लग्नातले मानकरी हायेत काय ते? कोनाले आंधी बसवलं म्हनून कोनी रुसनार हाय?"

कारकुनानं तेही लिहून घेतलं. मग रश्श्याचा एक घास खाल्ला आणि पुढलं काही लिहू शकला नाही.

त्याचं सगळ्यात लाडकं व्याख्यान चार भावांचं. "चवीचे चार भाऊ असतात," तो बोटं नाचवत म्हणे, "आंबट, गोड, खारट, तिखट. सयामच्या घरात चारी भाऊ कमावते. एक उठून बोलला की दुसरा त्याचा हात धरते. अन् तुमच्या वऱ्हाडात? एकटा तिखट घर चालवते, बाकीचे तिघं त्याचे गडी!" हे व्याख्यान मी वीसदा तरी ऐकलं असेल. दर वेळी मान डोलवली. ऐकणं आणि डोक्यात शिरणं यांत केवढी नदी वाहते ते मला पुढं कळलं, त्याची गोष्ट येतेच आहे.

आमच्या खाण्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. ज्वारीची भाकर म्हणजे "जात्याची दया", रांधणाऱ्याचं त्यात काही नाही. झुणक्याला तो गिलावा म्हणे. पाटा-वरवंट्याला तर त्यानं घराबाहेर ठेवलं होतं: "पाट्यावर मसाला मरते, खलात जागा होते." त्याच्याजवळ मातीचा एक खोल खल आणि लाकडाचा दांडा होता, सयामहून धोतरात गुंडाळून आणलेला. त्यात तो लसूण, मिरची, वैद्याकडचं आल्याच्या जातीचं कुलिंजन आणि लिंबासारखा वास येणारं कसलंसं गवत घालून ठोकत बसे. ठोकताना मध्येच थांबून कान लावी. आवाज ओला झाला की मसाला झाला, म्हणे. आम्ही पण कान लावत असू, आणि एकमेकांकडे बघून माना हलवत असू. ऐकू कुणालाच काही यायचं नाही.

रोज सकाळी तो भाजीबाजारात जाई ते भाजी घ्यायला नाही, तर माळणींनी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची खुडून फेकलेली मुळं गोळा करायला. एका माळणीनं त्याला बैलासाठी नेता काय म्हणून विचारलं. तो तिथेच गरजला, "मूळ फेकता अन् पान खाता! म्हंजे दूध उकिरड्यावर अन् शेन ताटात!" ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. म्हणाली, "बुढेबा, मंग आमी शेन खातो म्हना नं सरळ." त्यावर तो मुळं तिथेच सोडून घरी आला.

शेजाऱ्यांचा आणि त्याचा झगडा मात्र एकाच गोष्टीवरून, माशाच्या पाण्यावरून. पेढी नदीतले बारके मासे मिठात दाबून तो मडक्यात घाली, मडकं मळ्यात उन्हाला ठेवी, आणि वर्षभर त्यातून गळणारं तांबूस पाणी आम्ही मीठ घालतो तसं जेवणात घाली. ज्या दिवशी मडकं उघडे त्या दिवशी अर्ध्या बाजाराचा श्वास कोंडे. एका मुकादमानं तर गठाणी भिजून कुजल्या समजून दोन थप्प्या उलटवल्या होत्या. सयामवाला शांतपणे म्हणाला, "वास नाकाले येते. चव जिभेले. दोघांची भेट होऊ देऊ नये, बस."

आणि तरीही, एवढं सगळं करून, एक गोष्ट मी पाहून होतो. येणारे खूप, पण पुन्हा मागणारा एकही नाही. लोक एक घास खात, हसत, डोळे पुसत आणि गावी सांगायला काहीतरी मिळालं म्हणून खूश होऊन जात. मीही त्यातलाच. दोनदा जेवलो, दोन्ही वेळा तिखटानं रडण्यातच गुंतलो होतो; पुढं गेलो तो नुसता ऐकायला. पाहुणे गेल्यावर कढईत उरलेलं तो चुलीशी बसून एकटा खाई. ताठ बसून, नेमानं, आधी कोरा भात. त्याला कीव केलेली चालत नसे, आणि खरं सांगायचं तर मला ती येतही नसे. एवढा तोंडाळ माणूस एकटा जेवतो यात नवल काय, असंच वाटे.

आता माझी अक्कल.

माझ्या धाकट्या भावाची सोयरीक व्हायची होती. आईबाप मागेच गेलेले, त्यामुळे त्याचा बाप मी आणि आई माझी बायको. दोन ठिकाणांहून नकार आला होता. भावात काही खोट नव्हती. फक्त तो बोलत नसे. चार माणसांत बसला की भिंतीला टेकवलेल्या नांगरासारखा दिसे. तिसरी मुलगी बार्शीटाकळीकडची, बायकोनं स्वतः हेरलेली, आपल्या मावशीच्या गावची. ही पोरगी घरात आली पाहिजे, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. "बोलकी हाय, कामाची हाय, हसते पन. या घरात कोनीतरी बोलनारं पाह्यजे," ती म्हणाली. "मी बोलतो नं," मी म्हणालो. "तेच त म्हनून राहिली," ती म्हणाली.

फाल्गुनात मुलीचा बाप आणि त्याचा चुलतभाऊ घर बघायला येणार होते. आमच्याकडची रीत अशी, की बोलणी पक्की होईपर्यंत पाहुण्यांना तिखट जेवण. गोडाचा कण त्यांच्या तोंडी लागायचा नाही. एकदा मुलीच्या बापाच्या जिभेवर गोड पडलं की शब्द दिला गेला. मग सुपारी, कुंकू, सगळं मागून. लहान पोराला ठाऊक असते अशी ही गोष्ट. बायकोनं वांग्याची भाजी, वडे, कढी आणि भाकर असा बेत मनात मांडून ठेवला होता.

पण मला त्या दिवसांत पैशाचं वारं लागलं होतं. आमच्या गावात एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या. मीही घालणार होतो, पण बायको म्हणाली, "आंधी बैलाले इचारा, त्याले कोठी मिरवाचं हाय." ते राहिलं ते राहिलंच. मग वाटलं, वांग्याची भाजी तर सगळेच घालतात. सोयऱ्याला असं काही घालू, की बार्शीटाकळीपर्यंत नाव जाईल. आणि मी गेलो सयामवाल्याकडे.

"तुह्या सोयऱ्याले सयामचं जेवन?" तो म्हणाला. "बैलाले अत्तर!"

"एक डाव करा, काका. घरची गोष्ट हाय."

"आग्रह नाही कराचा. माह्या पद्धतीनं बसाचं."

"कबूल. फक्त गोडाचं काही करू नका. आमची रीत तुमाले ठाऊकच हाय."

"गोडाचं मी कधी करतो?" तो म्हणाला. आणि खरंच, पुरण नाही, खीर नाही, गोडाचा पदार्थ त्यानं कधी केलाच नव्हता. माझं समाधान झालं. रीत त्याला ठाऊक असायला तो इथे कुठे होता, हे मनात आलं नाही. मिसरूड फुटायच्या आधी पळालेला माणूस, त्याला कुणाच्या सोयरिकीत कोण बसवणार?

त्या दिवशी सकाळपासून माझ्या अंगणात खलाचा आवाज. बायको दारात उभी राहून बघत होती, तोंडाला पदर लावून. तो हसू लपवायला की मडक्याचा वास टाळायला, ते मी विचारलं नाही. बंडीतून मुद्दाम आणवलेल्या नारळांचं दूध, पेढीच्या डोहातले मासे, कैरीचा कुटलेला एक प्रकार, चिंचेचा कढ आणि पांढरा भात. पाहुणे आले, पाय धुतले, बसले. म्हातारा समोर येऊन त्याच्या पद्धतीनं हात जोडून उभा राहिला आणि आई-भाताचा उपदेश केला. मुलीचा बाप दांडगा गृहस्थ, मिशा भरघोस. त्यानं मुकाट्यानं कोरा भात खाल्ला. मग कैरी. मग रस्सा. मी आग्रह करायचा नाही म्हणून तोंड शिवून बसलो. माझा भाऊ नेहमीप्रमाणे गप्प. एवढं शांत जेवण आमच्या घरी सुतकातसुद्धा झालं नसेल.

तिसऱ्या घासाला मुलीच्या बापाचा हात थांबला. त्यानं जीभ टाळूवर फिरवली. चुलतभावाकडे पाहिलं.

"यात गूळ हाय," तो म्हणाला.

मी हसलो. "नाही, नाही. मासे हायेत ते."

"मले मासे बी कळतात अन् गूळ बी कळते. कैरीत होता, मले वाटलं कैरीच पिकली असंन. रश्श्यातबी हाय." त्याचा आवाज चढला. "बोलनी नाही, बैठक नाही, अन् आमच्या तोंडात गोड घालून मोकळे झाले? पैसा आला म्हनून पोरी अशा पकडाच्या काय, पाखरावानी?"

चुलतभाऊ उठलाच. "चाल भाऊ. हे लोक साधे नाही."

तेव्हा कुठे ते चार भाऊ माझ्या डोक्यात शिरले, आणि त्यांतल्या दुसऱ्याचं नाव आठवलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. ती बायको होती. तिसरा नकार आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा होता, आणि त्याला आमंत्रण देऊन आणला होता मी.

"काका," मी ओरडलो, "गोडाचं नको म्हनलं होतं नं मी!"

सयामवाला कढई घेऊन पुढे आला. लाज नाही, भीती नाही. "गोडाचं केलंच नाही. रस्सा केला. गूळ नाही टाकला त आंबट कसं कळंल? खारट कोनाच्या खांद्यावर हात ठेवंल?" मग मी त्याला रीत सांगितली. त्यानं ती नीट ऐकली, आणि मुलीच्या बापाकडे असं पाहिलं जसं तो ज्वारीच्या भाकरीकडे पाही. "गूळ खाल्ला म्हनून हो झालं? मंग मिरची बी खाल्ली तुमी. म्हंजे भांडन बी झालं. चिंच खाल्ली, म्हंजे तोंडबी वाकडं झालं. एका बैठकीत सारंच उरकलं. आता जा घरी."

तेवढ्यात माझी नजर पाहुण्याच्या ताटाकडे गेली. मुलीचा बाप बोलत होता, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि बोलता बोलता त्याचा हात ताटात भात कालवत होता. कालवला, घास केला, तोंडात घातला. "फसवनूक हाय ही," भरल्या तोंडानं तो म्हणाला, आणि बोटं चाटली. चुलतभाऊ उभ्याचा उभा. "भाऊ, तू खाऊन काय राहिला?"

"थांब नं बे. पोटाचं भांडन नाही."

ताटातलं संपलं. मग सयामवाल्याकडे न बघताच तो म्हणाला, "अजून हाय काय?"

इकडे आल्यापासून हे शब्द म्हाताऱ्यानं ऐकले नव्हते. हातातली कढई जराशी कलली आणि रश्श्याचा एक थेंब त्याच्या पायावर पडला. मला वाटलं, आता हा धावत जाऊन वाढणार. पण खोड ती खोड.

"हाय," तो म्हणाला. "पन पयले सांगून ठेवतो, यात गूळ हाय. मघा ठाऊक नव्हतं, ते माफ. आता ठाऊक हाय. अर्ध्या मनानं खानाऱ्याले मी वाढत नाही."

मुलीच्या बापानं माझ्या भावाकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून, सांडलेलं भाताचं एक शीत दोन बोटांनी उचलत होता. उचललं, कपाळाला लावलं, तोंडात टाकलं. म्हाताऱ्यानं मघाशी सांगितलेलं सगळ्यांत त्यानंच लक्षात ठेवलं होतं.

"हे पोट्टं बोलत नाही काय?" मुलीचा बाप म्हणाला.

"ऐकते," सयामवाला म्हणाला. "तुमच्या वऱ्हाडात हे कमी हाय."

मुलीच्या बापानं मिशी पुसली, चुलतभावाचा हात धरून त्याला खाली बसवला, आणि ताट पुढं केलं. दोन्ही हातांनी.

"वाढा," तो म्हणाला. मग चुलतभावाकडे बोट केलं. "याच्याही ताटात वाढा."

सयामवाल्यानं वाढलं. एका वेळी थोडंच, त्याच्या नियमाप्रमाणे. असं त्यानं पाचदा वाढलं.

पुढे तिकडची लढाई मिटली, कापूस कोसळला, दलाल गेले. सयामवाल्याच्या मळ्यात येणारं कुणी उरलं नाही, फक्त वर्षातून एकदा बार्शीटाकळीची बंडी येऊन उभी राही. माझ्या भावाचा सासरा आत जाताना पाय धुई. म्हाताऱ्याचं तोंड शेवटपर्यंत सुधारलं नाही. शेवटच्या आजारात मी पेज घेऊन गेलो तर चमचाभर घेऊन म्हणाला, "हे काय, भिंतीले लावाचा चुना?"

पण त्या फाल्गुनातल्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी फुगून आत गेलो. सोयरीक जमली होती आणि ती माझ्या अकलेनं जमली, असं मला तोवर खरोखर वाटायला लागलं होतं. बायको वड्यांवर झाकण ठेवत होती. ते तिनं पहाटेच करून ठेवले होते, आणि कुणी विचारलेही नव्हते.

"पाह्यलं?" मी म्हणालो. "कसं ताट पुढं केलं त्यानं!"

"पाह्यलं," ती म्हणाली. "मी बारा वर्सं झाले रांधून राहिली. तुमी खाता, ढेकर देता, उठता. असं ताट माह्यापुढं एक डाव तरी केलं काय?"